चार दिवसांनी दिसणारा गोचीड नवा की जुना?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बारा गाई, दोन म्हशी, सहा वासरं. वर्षभर दर आठवड्याला फवारणी चालू आहे. आधी सायपरमेथ्रिन, मग डेल्टामेथ्रिन, मग पाठीवर ओतायचं फ्लुमेथ्रिन. चार दिवस बरे जातात आणि पुन्हा कानात, कासेवर गोचीड दिसतात. आता अमिट्राझ आणि सायपरमेथ्रिन एकत्र करून दुप्पट मात्रेने मारावं का, याहून जहाल काही निघालंय का, आणि संशोधकांनी गोचिडांवर लस काढली हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय शेवटी जाता जाता एक ओळ आहे: एक कालवड दोन दिवस चारा कमी खातेय.

मी त्या शेवटच्या ओळीपासून सुरू करतो, कारण बाकी सगळं आठवडाभर थांबू शकतं, ते थांबू शकत नाही. आज तिचा ताप मोजा. १०४ अंश फॅरनहाइटच्या आसपास किंवा वर असेल तर पुढचं पाहा: खांद्याच्या पुढे, मानेच्या बुडाशी हात फिरवल्यावर गाठ सुजलेली लागते का, खालची पापणी ओढली तर आतली बाजू फिकट पडलीये का, लघवी लालसर किंवा काळ्या चहासारखी आहे का. गाठी सुजल्या असतील तर थायलेरियाचा संशय येतो, लाल लघवी असेल तर बबेसियाचा. दोन्ही गोचिडांमुळे होणारे आजार आहेत आणि दोन्हीवर वेगवेगळी, नेमकी औषधं आहेत, पण ती लवकर दिली तरच कामाची. डॉक्टरांना आजच बोलवा आणि कोणतंही इंजेक्शन देण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला कानाच्या शिरेतून रक्ताची काचपट्टी घ्यायला सांगा. आधी इंजेक्शन आणि मग तपासणी असं झालं की नेमकं काय होतं ते कधीच कळत नाही. म्हणून गोठ्यात हा आजार आहे की नाही, हेही अंधारातच राहतं.

आता गोचिडांकडे. तुम्ही विचारलंय ‘कोणतं औषध?’. माझ्या मते तुमच्यापुढचा खरा प्रश्न वेगळा आहे: चौथ्या दिवशी जे गोचीड दिसतात ते फवारणीतून वाचलेले आहेत, की फवारणीनंतर नव्याने चढलेले? या दोन गोष्टींवरचे उपाय एकमेकांहून पूर्ण वेगळे आहेत. याचं उत्तर माहीत नसताना औषध बदलत राहिलं की वर्ष जातं आणि गोचीड तिथेच राहतात.

जनावरं आणि गोठा न पाहता मी सगळं ठामपणे सांगू शकत नाही. गोचीड कोणत्या जातीचा आहे, जनावरं बांधून असतात की चरायला जातात, भिंती भेगाळलेल्या आहेत का, गाई संकरित आहेत की देशी, हवेत दमटपणा किती, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. पण निदान कसं करायचं ते सांगू शकतो, आणि ते तुम्ही स्वतः करू शकता.

उष्ण प्रदेशांत गाईगुरांना सर्वाधिक छळणाऱ्या गोचिडांपैकी एक म्हणजे रिपिसेफॅलस मायक्रोप्लस, जुन्या पुस्तकांत याला बुफिलस म्हटलेलं सापडेल. याची खासियत अशी की हा एकाच जनावरावर वाढतो. सहा पायांचं बारीक पिल्लू गवतावरून किंवा भिंतीवरून जनावरावर चढतं, तिथेच रक्त पितं, तिथेच कात टाकून आठ पायांचं होतं, पुन्हा कात टाकून प्रौढ होतं. मादी गाभण होते, फुगते आणि गळून पडते. चढण्यापासून पडण्यापर्यंत साधारण तीन आठवडे जातात. गंमत म्हणजे मादी बराच काळ डाळीच्या दाण्याएवढीच असते आणि खरी फुगते ती शेवटच्या एका दिवस-रात्रीत. मग ती एरंडीच्या बीसारखी दिसते. (लॅटिनमध्ये गोचिडाला ‘रिसिनस’ म्हणत, आणि एरंडाला शास्त्रीय नाव मिळालं ते त्याचं बी गोचिडासारखं दिसतं म्हणून.) बहुतेक माद्या पहाटे गळतात, आडोसा शोधतात, दोन-तीन हजार अंडी घालतात आणि मरतात.

दुसरा गट हायलोमाचा. गडद तपकिरी, लांब तोंडाचा, पायांवर फिकट पट्टे, आणि चालायला चपळ. हा एका जनावरावर आयुष्य काढत नाही. रक्त प्यायचं, खाली उतरून भेगेत कात टाकायची, पुन्हा कुणाच्या तरी अंगावर चढायचं, असं त्याचं चालतं. थायलेरिया पसरवणारा हायलोमा अनॅटोलिकम तर गोठ्याच्या भिंतींत मुक्काम करण्यात तरबेज आहे.

आता तुमचा चौथा दिवस पाहू. समजा तुमच्याकडे एका जनावरावर वाढणारा गोचीड आहे आणि चौथ्या दिवशी कासेवर टपोरी, राखाडी, फुगलेली मादी दिसली. पिल्लापासून तिथवर यायला तिला तीन आठवडे लागले असणार. म्हणजे तुम्ही फवारलं तेव्हा ती अंगावरच होती आणि वाचली. एक तर औषध तिच्यापर्यंत पोचलं नाही, किंवा पोचूनही तिला काही झालं नाही. याउलट चौथ्या दिवशी फक्त टाचणीच्या टोकाएवढी पिल्लं दिसत असतील तर औषधाने आपलं काम केलंय, आणि बाहेरून नवी फौज चढतेय. आणि चपळ, चपटे, पट्टेरी पायांचे प्रौढ दिसत असतील तर ते बहुधा भिंतीतून आलेले हायलोमा आहेत.

म्हणून पुढच्या फवारणीनंतर चौथ्या दिवशी चार जनावरं निवडा आणि नीट पाहा: कानाची आतली बाजू, गळ्याखालची पोळी, पुढच्या पायांची बगल, कास, मांड्यांमधली जागा, शेपटीच्या बुडाखाली. काय दिसतं ते आकारानुसार लिहून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे आणि कुठल्याही महागड्या बाटलीपेक्षा जास्त उपयोगी आहे. एकच सांभाळा, गोचीड नखांनी चिरडू नका. हायलोमा क्रायमियन-काँगो हा माणसाला मारू शकणारा रक्तस्रावी ताप पसरवू शकतो, आणि चिरडलेल्या गोचिडाचं रक्त बोटावरच्या बारीक जखमेतूनही अंगात जाऊ शकतं. हातमोजे घाला, चिमट्याने काढा, साबणाच्या पाण्यात टाका.

फुगलेल्या माद्या वाचत असतील तर पहिला संशय औषधावर घेऊ नका, फवारणीवर घ्या. मी एका गोठ्यात गेलो होतो, अकरा गाई. मालक म्हणाले, तीन कंपन्यांची औषधं झाली, एकाचाही गुण नाही. मी त्यांना म्हटलं, माझ्यासमोर फवारा. त्यांनी पाठीवरून, दोन्ही कुशींवरून फवारा फिरवला आणि पुढच्या गाईकडे गेले. सगळ्या गाई झाल्यावर पंपात उरलेलं पाणी मोजलं. गाईमागे अर्ध्या लिटरच्या आसपास पडलं होतं. मोठी गाय कातडीपर्यंत भिजायला तीन ते चार लिटर लागतात, लांब केस असतील तर त्याहून जास्त. मी एका गाईच्या पोटाखाली कोरडा कागद टेकवला, तो कोरडाच निघाला. गोचीड होते ते कासेवर आणि मांडीत, आणि तिथे औषध गेलंच नव्हतं. त्या गोठ्यात औषध तेच ठेवलं, फक्त फवारा केसांच्या उलट दिशेने आणि खालून वर मारायला लावला, कानांत आणि शेपटीखाली स्पंजने लावायला सांगितलं. तीन आठवड्यांत चित्र बदललं.

त्याच रांगेतल्या आणखी काही चुका पटकन सांगतो. अंदाजाने टोपणभर औषध घेणं. सकाळी केलेलं द्रावण दुसऱ्या दिवशी वापरणं. फवारल्यावर लगेच पावसात सोडणं. वासरं, भाकड गाई आणि म्हशी वगळून फक्त दुभत्यांना फवारणं. अमिट्राझचं द्रावण तर फार लवकर निकामी होतं, अल्कधर्मी पाण्यात ते टिकतं, म्हणून जनावरं बुचकळायच्या मोठ्या टाक्यांत त्यात चुना घालायची पद्धत आहे. तुम्ही बादलीभरच करता, तेव्हा ताजं करा आणि त्याच वेळी संपवा.

फवारणी नीट होऊनही फुगलेल्या माद्या टिकल्या तर मात्र औषधाला दाद न देणारे गोचीड तयार झाले आहेत. इथे तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट येते. तुम्ही लिहिलंय की तीन औषधं बदलली. तुम्ही नाव तीनदा बदललं, औषध एकदाही बदललं नाही. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन आणि फ्लुमेथ्रिन ही तिन्ही पायरेथ्रॉइड गटातली आहेत. तिन्ही गोचिडाच्या मज्जातंतूंतल्या एकाच ठिकाणी, सोडियमच्या वाहिनीवर, काम करतात. त्या वाहिनीत एक छोटासा जनुकीय बदल झाला की तिन्ही एकदम निष्प्रभ होऊ शकतात. डीडीटीही त्याच जागी काम करत असे. त्यामुळे डीडीटीला न जुमानणाऱ्या काही गोचिडांवर पायरेथ्रॉइडचाही परिणाम कमी दिसला. बाटलीवरचं मोठं नाव पाहू नका, खाली बारीक अक्षरांत लिहिलेला घटक पाहा आणि तो कोणत्या गटाचा ते विचारा. सर्वसाधारणपणे पायरेथ्रॉइड, अमिट्राझ, ऑर्गॅनोफॉस्फेट, आयव्हरमेक्टिनचा गट, फिप्रोनिल, आणि गोचिडाची कात टाकण्याची क्रिया अडवणारं फ्लुॲझुरॉन, हे एकमेकांपासून वेगळे गट आहेत. कोणतं कुठे मिळतं आणि दुभत्या जनावराला कोणतं चालतं हे देशागणिक बदलतं.

हा प्रकार आजचा नाही. ऑस्ट्रेलियात १८९०च्या दशकात गुरांना सोमलाच्या, म्हणजे आर्सेनिकच्या टाकीत बुचकळायला सुरुवात झाली. ते जवळपास चाळीस वर्षं चाललं आणि १९३०च्या दशकात गोचीड त्याला सरावले. मग डीडीटी आणि बीएचसी ही कीटकनाशकं आली, ती काही वर्षांतच फसली. मग ऑर्गॅनोफॉस्फेट, मग अमिट्राझ, मग पायरेथ्रॉइड, मग आयव्हरमेक्टिन. प्रत्येक गटाला न जुमानणारे गोचीड आज जगात कुठे ना कुठे आहेत. ‘याहून जहाल’ औषध मागताना हा इतिहास डोळ्यासमोर ठेवा. नवा गट मिळेलही, पण तो जुन्याच पद्धतीने वापरला तर त्याचीही तीच गत होईल.

तुमच्या गोठ्यातल्या गोचिडांना कोणतं औषध लागू पडतं हे पाहायची एक चाचणी आहे. प्रयोगशाळेत ती मोजमापाने करतात आणि पिल्लांवर करायची याहून काटेकोर चाचणीही असते. पण घरी ढोबळ अंदाज येतो. दोन-तीन आठवडे औषध न लावलेल्या जनावरांवरून पहाटे, गळून पडण्याआधी, एकसारख्या फुगलेल्या तीस माद्या अलगद काढा. दहा दहाचे तीन गट करा. पहिला गट साध्या पाण्यात, दुसरा पायरेथ्रॉइडच्या आणि तिसरा अमिट्राझच्या द्रावणात, अगदी लेबलवरच्या प्रमाणात, पाच मिनिटं बुडवून ठेवा. बाहेर काढून कागदावर कोरड्या करा आणि घट्ट झाकणाच्या तीन डब्यांत ठेवा, झाकणाला बारीक जाळी, शेजारी ओल्या कापसाचा बोळा, जागा उबदार आणि अंधारी. डब्यांवर नावं घाला.

पाण्यातल्या माद्या काही दिवसांतच तपकिरी, चकचकीत अंडी घालू लागतील. जवळून पाहिलं तर मादीच्या डोक्यापाशी अंड्यांचा गोळा वाढत जाताना दिसतो, जणू खसखशीचा ओला ढीग. आणि अंडी वाढत जातात तशी मादी सुरकुतते. तिच्या वजनाच्या जवळपास निम्मं वजन अंड्यांत जातं. औषधाच्या डब्यात माद्या मेल्या किंवा अंडी अगदीच थोडी घातली तर औषध चालतंय. पाण्याच्या डब्याइतकाच ढीग तिथेही दिसला, तर ते औषध तुमच्याकडे संपलं. अमिट्राझच्या डब्यात माद्या हलताना दिसल्या तरी घाईने निकाल लावू नका, त्याचा परिणाम मरण्यापेक्षा अंडी न घालण्यात जास्त दिसतो. दोन आठवडे झाले की तिन्ही डब्यांत उकळतं पाणी ओता, पिल्लं फुटायची वाट पाहू नका. आयव्हरमेक्टिन किंवा फ्लुॲझुरॉन या चाचणीत कळत नाही, ती जनावराच्या अंगातून जाऊन काम करतात.

दुप्पट मात्रा आणि मिश्रण, दोन्ही करू नका. दुप्पट मात्रेने जे गोचीड वाचतात ते सर्वांत चिवट असतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. वासरांना विषबाधा व्हायचा धोका वेगळा आणि दुधात अंश उतरायचा वेगळा. कंपनीने तयार केलेलं मिश्रण ही एक गोष्ट झाली. पंपात दोन बाटल्या ओतणं ही दुसरी, कारण त्यातली तेलं आणि विद्रावकं एकत्र कसे वागतील हे कुणी तपासलेलं नसतं. घोडा असेल तर अमिट्राझ त्याच्या जवळही नेऊ नका, त्याची आतडी थंडावतात आणि जीव जाऊ शकतो.

आता आठवड्याच्या फवारणीबद्दल. गोचीड अंगावर तीन आठवडे राहतो, मग दर सात दिवसांनी फवारायचं कशाला? दर सात दिवसांनी अर्धवट भिजवण्यापेक्षा दर तीन आठवड्यांनी चांगलं भिजवणं केव्हाही बरं. वर्षातली वाढ सुरू होण्याच्या वेळी, गोचीड अजून तुरळक असताना, तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने पाच-सहा फवारण्या सलग करायच्या, म्हणजे एकही मादी फुगून पडणार नाही, हा विचार ऑस्ट्रेलियात बराच वापरला गेला. आपण नेमकं उलट करतो. गोचीड थोडे असतात तेव्हा दुर्लक्ष करतो, आणि झुंबड झाली की पंप काढतो. तेव्हा जमिनीवर लाखो अंडी पडून झालेली असतात. हायलोमा असेल तर मात्र हे तीन आठवड्यांचं गणित तसंच लागू होत नाही, तिथे निम्मी लढाई भिंतीशी असते.

आणि भिंत हाच भाग सगळ्यात दुर्लक्षित आहे. कोणत्याही वेळी एकूण गोचिडांतले फार थोडे जनावराच्या अंगावर असतात, बाकी अंडी आणि पिल्लांच्या रूपात जमिनीवर, गवतात, भेगांत असतात. ती पिल्लं काही महिने उपाशी जगू शकतात. एकदा रात्री दहाच्या सुमारास बॅटरी घेऊन गोठ्यात जा, दिवा लावू नका. गव्हाणीच्या मागच्या भिंतीवर, खांबाच्या बुडाशी उजेड पाडा. दिवसा जिथे काही दिसत नाही तिथे वर चढणारे गोचीड दिसतील. सकाळी त्याच भेगेत पातळ सुरी घालून ओढा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा सुरीबरोबर रिकामी टरफलं, वाळक्या माद्या आणि अंड्यांचे गोळे असं ओंजळभर बाहेर आलं होतं. त्या गोठ्याचे मालक दोन वर्षं गाई फवारत होते, भिंत एकदाही नाही.

भेगा बुजवा, शक्य तिथे गिलावा करा. चुन्याचा दाट हात भेगा भरायला उपयोगी पडतो, त्याने गोचीड मरतात असं मात्र धरून चालू नका. दगड, जुनी पोती, शेणाचा ढीग, चाऱ्याचा जुना थर भिंतीपासून लांब हलवा. जनावरं फवारता त्याच दिवशी जनावरं बाहेर काढून भिंती माणसाच्या उंचीपर्यंत, खांब आणि गव्हाणीची बाहेरची बाजू फवारा. गव्हाणीत औषध जाऊ देऊ नका. काही जण भेगांवरून आगीची ज्योत फिरवतात. पक्क्या भिंतीवर ते परिणामकारक आहे, पण जवळ चारा किंवा गवताचं छप्पर असेल तर अजिबात नको. कोंबड्या गोचीड टिपतात हे आफ्रिकेत प्रयोगांनी तपासलेलं आहे, त्यांच्या पोटात खरोखर पुष्कळ गोचीड सापडले. पण फवारलेल्या गाईंजवळ त्या दिवशी कोंबड्या सोडू नका. जनावरं चरायला जात असतील तर कुरणाचा एखादा भाग आलटून पालटून काही महिने मोकळा ठेवा. उपाशी पिल्लं मरायला किती काळ लागेल हे हवेवर ठरतं, कोरड्या उन्हात लवकर, थंड दमट जागी उशिरा.

यात नवं काही नाही असं तुम्हाला वाटेल. तरीही एक उदाहरण द्यावंसं वाटतं. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न यांनी १८९३ मध्ये दाखवून दिलं की गुरांचा टेक्सास ताप, म्हणजेच बबेसिया, गोचिडांमुळे पसरतो. १९०६ मध्ये तिथे गोचीड निर्मूलनाची मोहीम सुरू झाली आणि १९४३ पर्यंत मेक्सिकोच्या सीमेलगतचा पट्टा सोडला तर देश त्या गोचिडापासून मोकळा झाला. त्यांच्याकडे आजचं एकही औषध नव्हतं, होतं ते आर्सेनिक. पण प्रत्येक जनावर, ठरलेल्या दिवशी, पूर्ण बुडवून, आणि कुरणं मोकळी ठेवून त्यांनी हे केलं. मी आर्सेनिकची शिफारस करत नाहीये, ते विष आहे. औषध जुनं असूनही वेळापत्रकामुळे काम झालं, एवढंच दाखवायचंय.

लसीबद्दल ऐकलंत ते खरं आहे. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ संस्थेच्या संशोधकांनी गोचिडाच्या आतड्याच्या पेशींवरचं बीएम८६ नावाचं प्रथिन वेगळं केलं, ते १९८९ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलिया आणि क्यूबामध्ये त्यावरच्या लसी बाजारात आल्या. कल्पना फार सुंदर आहे. हे प्रथिन गोचिडाच्या पोटात असल्यामुळे गाईच्या शरीराला ते कधी ‘दिसत’ नाही. लस दिली की गाय त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवते, गोचीड रक्ताबरोबर ती पितो आणि त्याचं आतडं आतून फाटतं. पण ही लस गोचीड चढण्यापासून अडवत नाही आणि चढलेले लगेच पाडतही नाही. माद्या कमी जगतात, कमी अंडी घालतात, आणि परिणाम दिसतो तो पुढच्या काही पिढ्यांत. मायक्रोप्लस आणि त्याच्या जवळच्या अ‍ॅन्युलेटस जातीवर ती चालते, इतर जातींवर एकसारखी नाही. टोचणी पुन्हा पुन्हा द्यावी लागते. म्हणून ती औषधाच्या जागी येत नाही, औषध कमी करायला मदत करते. थायलेरियाची लस ही वेगळी गोष्ट, ती आजाराविरुद्ध आहे, गोचिडाविरुद्ध नाही. तुमच्याकडे तो आजार असल्याचं काचपट्टीत दिसलं तर तिच्याबद्दल डॉक्टरांना नक्की विचारा.

मेटारायझियम नावाच्या बुरशीवरही खूप काम झालंय. प्रयोगशाळेत ती गोचीड छान मारते. गाईच्या अंगावर ऊन आणि कोरडी हवा लागली की तिचे निकाल घसरतात. भिंतीच्या भेगांत, जिथे सावली आणि ओल असते, तिथे तिच्याकडून मला जास्त आशा आहे. कडुनिंब आणि इतर वनस्पतींच्या अर्कांचं म्हणाल तर काचेच्या बशीतले निकाल पुष्कळ आहेत, पण प्रत्येक वेळी अर्क वेगळा निघतो, म्हणून त्याच्यावर एकट्यावर गोठा सोपवू नका.

सगळ्यात कमी वापरलं जाणारं संशोधन मात्र फुकट आहे. कोणत्याही कळपात गोचीड समान वाटलेले नसतात, थोड्याच जनावरांवर बहुतेक गोचीड असतात. झेबू वंशाच्या, म्हणजे वशिंडाच्या गुरांमध्ये युरोपीय गुरांपेक्षा प्रतिकार जास्त असतो, आणि एकाच जातीतही तो आनुवंशिक असतो. तुमच्या चौदा मोठ्या जनावरांतली ती तीन-चार कोणती हे पंधरवड्याच्या मोजणीत कळेल. त्यांच्यावर लक्ष जास्त द्या, आणि ज्या गाईवर कायम सर्वांत जास्त गोचीड असतात तिची कालवड पुढे ठेवायची का, याचा विचार करा.

जंतांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण इथे ते जोडलेलं आहे. गोचिडांसाठी अनेक जण दर दोन-तीन महिन्यांनी सगळ्यांना आयव्हरमेक्टिन टोचतात. ते औषध आतड्यातल्या जंतांवरही काम करतं, त्यामुळे तुम्ही गोचिडांवर मारा करता तेव्हा नकळत जंतांनाही त्याची सवय लावता. शेळ्या-मेंढ्यांत रक्त पिणाऱ्या हिमाँकसच्या बाबतीत हे जगभर झालं, आणि त्यातूनच दक्षिण आफ्रिकेत पापणीचा रंग तक्त्याशी ताडून फक्त फिकट पडलेल्या जनावरांनाच औषध द्यायची फमाचा पद्धत निघाली. शिवाय आयव्हरमेक्टिनचा अंश शेणात उतरतो आणि शेण जमिनीत नेणाऱ्या भुंग्यांना मारतो. दुभत्या जनावरांत ते वापरायचं की नाही, दूध किती दिवस टाकायचं, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नका.

एक गोष्ट तुम्हाला विचित्र वाटेल. एकही गोचीड उरू नये असं ध्येय ठेवू नका. लहान वासराला थोड्या गोचिडांतून बबेसियाची सौम्य लागण झाली तर ते सहसा आजारी पडत नाही आणि पुढे त्याला प्रतिकारशक्ती राहते. वर्षानुवर्षं गोचीडमुक्त ठेवलेल्या कळपात एकदा गोचीड शिरले की मोठी जनावरं दगावतात. थायलेरियाचा हिशोब वेगळा, संकरित वासरं त्यात लहानपणीही मरतात. तुमच्याकडे यातलं काय आहे हे त्या कालवडीच्या काचपट्टीवरून कळायला सुरुवात होईल, म्हणून मी तिच्यासाठी इतका आग्रह धरतोय.

तेव्हा या आठवड्यात फवारणी थांबवा. कालवडीला दाखवा, रात्री बॅटरी घेऊन भिंत पाहा, आणि जनावरं फवारणीविना दोन-तीन आठवडे झाली की डब्यांची चाचणी लावा. मधल्या काळात जास्त माखलेल्या जनावरांवरचे गोचीड हाताने, चिमट्याने काढा. भेगा बुजवायचं काम त्याच काळात होऊन जाईल. त्यानंतर पुन्हा फवारा आणि मग मला तीन गोष्टी कळवा: त्या फवारणीनंतर चौथ्या दिवशी दिसतात ते फुगलेले की बारीक, पायांवर पट्टे आहेत का, आणि तिन्ही डब्यांत अंडी किती. पाण्याच्या डब्याचा फोटो शेजारी ठेवून पाठवा, नुसता औषधाच्या डब्याचा फोटो पाहून मला काही सांगता येणार नाही.